खाली जाणारे पॅडल आणि घाटाचा उतार



दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील गावे ओस पडू लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. कोयते, भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरेबाळे ट्रक, ट्रॅक्टर अथवा पिकअप गाडीतून निघतात. बालाघाटाच्या डोंगररांगेने हा जिल्हा दुभंगलेला असल्यामुळे मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ओलांडल्याशिवाय अनेकांचा प्रवास पुरा होत नाही. या उतारावर सर्वांचे प्राण चालकाच्या पायाखालील एका पट्टीवर अवलंबून असतात. ती पट्टी म्हणजे ब्रेकचे पॅडल.

हे पॅडल पाय ठेवताच घट्ट लागण्याऐवजी हळूहळू खाली जाऊ लागले, तर तो गाडीने दिलेला इशारा समजावा. पुष्कळ चालक पॅडल दोन-चार वेळा मारून काम भागवितात. हंगाम तोंडावर असतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि गाडी एक दिवस उभी ठेवणे परवडत नाही. परंतु जो दोष सपाट रस्त्यावर चार वेळा पॅडल मारून झाकला जातो, तो भरलेल्या गाडीसह उतारावर झाकला जात नाही.

या यंत्रणेचे मूळ शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल यांचा नियम होय. पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. तोच दाब चाकांपाशी पोहोचून ब्रेक आवळतो. द्रव दाबला जात नाही. म्हणूनच पॅडल घट्ट राहते. ते खाली जात असेल, तर द्रव कोठून तरी निसटत आहे, किंवा त्यात दाबली जाणारी हवा शिरली आहे, असे अनुमान निघते.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. इंजिन बंद असताना पॅडल पाच-सहा वेळा दाबावे व नंतर एकसारख्या दाबाने अर्धा-एक मिनिट दाबून धरावे. ते स्थिर राहिले पाहिजे. मग तसेच दाबून इंजिन सुरू केल्यास पॅडल किंचित खाली जाऊन थांबते. तो दोष नव्हे, बूस्टर काम करीत असल्याची खूण होय. मात्र पॅडल न थांबता तळाला जाऊ लागले, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

त्यानंतर ऑइलची टाकी पाहावी. पातळी उतरत असेल, तर गळती बाहेर आहे. चारही चाकांच्या आतील बाजू, रबरी नळ्या, गंजलेल्या लोखंडी नळ्या व त्यांचे जोड तपासावेत. मागील ड्रम उघडून व्हील सिलिंडर ओला आहे का, तेही पाहावे. मास्टर सिलिंडर बूस्टरला जेथे जोडलेला असतो, तेथील गळती जमिनीवर दिसत नाही, म्हणून ती जागा मुद्दाम तपासावी. पातळी कायम असून पॅडल खाली जात असेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजलेला असतो आणि द्रव आतल्या आत मागे परततो. पॅडल लिबलिबीत लागत असेल, तर हवा शिरल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्यांदा दाबताच ते उंच व घट्ट लागत असेल, तर मागील लायनरचे अंतर वाढलेले असणे संभवते.

दुरुस्ती जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावी. मास्टर सिलिंडर आतून खरवडलेला असल्यास केवळ किट न बदलता पूर्ण सिलिंडर बदलणे श्रेयस्कर. ऑइलने भिजलेले लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत. नंतर हवा काढताना सामान्यतः सर्वांत दूरच्या चाकापासून प्रारंभ करतात. गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. काढलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये, कारण त्याने रबरी कप फुगून निकामी होतात.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा सुमारे १४० अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळले, तर वाफ होऊन पॅडल एकाएकी तळाला जाते. यास्तव साधारणपणे दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. प्रसंग ओढवलाच, तर इंजिन बंद न करता पॅडल भराभर मारावे, गिअर क्रमाक्रमाने उतरवावा आणि हँडब्रेक बेताने ओढावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. तथापि, प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची साक्ष देते. त्यानंतरच्या झिजेची साक्ष पॅडलच देते. म्हणून हंगामापूर्वी ग्रामपंचायतींनी गावातील गाड्यांची तपासणी एखाद्या जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी. शिक्षकांनी पास्कालचा नियम शिकविताना गावातल्याच गाडीचा दाखला द्यावा. टोळी निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी व मुकादमांनी एक मिनिट पॅडल दाबून पाहण्याचा आग्रह धरावा. त्या एका मिनिटात, गाडी घाटात उतरण्याजोगी आहे की नाही, याचे पहिले उत्तर मिळते.