फिजिओथेरपीतून एमबीबीएसकडे

गुडघा बदललेल्या आजींना वॉकर धरून उभं करता करता एखाद्या फिजिओथेरपिस्टला वाटतं, आपणही एमबीबीएस करावं. जरूर करावं, पण आपल्याकडे त्याला जवळची वाट नाही. फिजिओथेरपीची पदवी असली तरी प्रवेश पहिल्याच वर्षाला, तोही बारावीच्या मुलांसोबत 720 गुणांची नीट ही प्रवेश परीक्षा देऊन. 2022 पासून कमाल वयाची अट मात्र उरलेली नाही. स्नायूंची नावं तोंडपाठ असतात हो, पण घाम फोडतं ते 180 गुणांचं भौतिकशास्त्र! पुढे साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. संध्याकाळचं क्लिनिक सांभाळून हे जमेल, या भ्रमात राहू नये. पगार थांबणार, हे घरी आधीच बोललेलं बरं.