बेघर किशोर आणि पालकांची सही

सांगलीहून मिरजेकडे निघालें म्हणजे वाटेंत विश्रामबाग लागतें. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय येथेंच आहे, आणि १९४७ सालीं निघालेलें व पुढें वालचंदांच्या नांवानें प्रसिद्धीस आलेलें अभियांत्रिकी महाविद्यालयहि येथेंच. प्रवेशाचे दिवस आले कीं या भागांत अर्ज भरणाऱ्या मुलामुलींची एकच गर्दी उसळते. अर्जाच्या तळाशीं बहुधा एक ओळ असते : पालकांची सही. ज्यांच्या घरीं पालक आहेत त्यांना त्या ओळीचें कांहींच वाटत नाहीं. वडील चष्मा लावतात, सही करतात आणि अर्ज पुढें सरकतो. परंतु याच वस्तींत रेल्वेचें एक लहानसें स्थानक आहे, आणि थोड्याच अंतरावर मिरजेचें मोठें जंक्शन आहे. घर सोडून निघालेलीं, किंवा मुळांत घरच नसलेलीं मुलें अशा ठिकाणीं गाडींतून उतरतात. त्यांच्या अर्जाखालीं सही कोणीं करावयाची?

समजा, असा एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. आई वारली, बाप दारू पिऊन मारतो, म्हणून तो घरांतून निघाला. दिवसा चहाच्या हॉटेलांत कपबश्या धुतो आणि रात्रीं स्थानकावर निजतो. एके दिवशीं फुटक्या कांचेनें त्याचा तळहात चिरतो. दवाखान्यांत केसपेपर काढतांना त्याला विचारतात, "आई-वडील कोठें आहेत? त्यांना घेऊन ये." त्याचे साठलेले पैसे हॉटेलमालकाकडे आहेत, ते बँकेंत ठेवावेत असें त्याच्या मनांत आहे, पण तेथेंहि सहीचा प्रश्न निघेल अशी त्याला भीति वाटते. शेवटीं पोलिस त्याला म्हणतात, "चल, तुला घरीं पोंचवतों." आणि घर ही एकच जागा अशी आहे कीं जेथें त्याला जावयाचें नाहीं. हा मुलगा कल्पनेंतला खरा. परंतु त्याच्यापुढचे तिन्ही प्रश्न मात्र कल्पनेंतले नाहींत.

१८७५ च्या कायद्यानें सज्ञानतेचें वय अठरा ठरविलें. १९०३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मोहरीबिबीच्या खटल्यांत असा निवाडा दिला कीं, अज्ञान व्यक्तीनें केलेला करार हा मुळांतच रद्द होय. त्या खटल्यांतील अज्ञान मुलानें आपली मिळकत एका सावकाराकडे गहाण टाकली होती. अशा मुलाला सावकाराच्या तावडींतून सोडविणें हें न्यायाचेंच काम होतें, यांत शंका नाहीं. मात्र हें सारें शास्त्र ज्याच्यापाशीं मिळकत आहे आणि ती राखावयास कोणी वडीलधारें आहे अशा मुलाला डोळ्यांपुढें ठेवून रचलेलें आहे. ज्याच्यापाशीं अंथरुणहि नाहीं त्याच्या अंगावर तेंच चिलखत चढविलें, तर त्याला हातपायसुद्धां हलवतां येत नाहींत.

निराधार मुलांचा विचार सरकारनें केलाच नाहीं असें मात्र नव्हे. १८५० च्या कायद्यान्वयें गरीब व अनाथ मुलांना धंदा शिकण्यासाठीं करारानें मालकाकडे ठेवतां येत असे, आणि आई-वडिलांनीं टाकलेल्या मुलाच्या वतीनें मॅजिस्ट्रेट पालकाचें काम करी. मुलाला काय वाटतें, हा प्रश्न त्या काळीं गौण होता. पुढें १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांचा स्वतंत्र कायदा झाला. परंतु सांगली हें तेव्हां पटवर्धनांचें संस्थान असल्यामुळें इलाख्याचा कायदा येथें आपोआप लागू होत नव्हता. १९४८ च्या मार्चमध्यें संस्थान विलीन झालें, आणि त्याच सालीं मुंबईचा नवा कायदाहि आला. आज चालतो तो २०१५ चा बालन्याय कायदा होय.

आतां त्या मुलाच्या हाताकडे वळावें. दवाखान्यानें त्याला परत पाठवावें असें कायदा कोठेंहि म्हणत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत एक कलम होतें. तेंच २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत कायम राहिलें आहे आणि १ जुलै २०२४ पासून तें अमलांत आहे. त्याचा आशय असा कीं, संमति देण्यास रोगी असमर्थ असेल आणि ज्याच्याकडून वेळेवर संमति मिळवावी असा पालकहि नसेल, तर रोग्याच्या हितासाठीं सद्‌बुद्धीनें केलेली कृति गुन्हा ठरत नाहीं. रक्त वाहत असतां सहीची वाट पाहणें ही कायद्याची आज्ञा नसून कार्यालयाची संवय आहे. त्याच संहितेप्रमाणें बारा वर्षांखालील मुलाची संमति ही सामान्यतः संमति धरली जात नाहीं. मग बारा ते अठरा या वयांत काय? येथें कायद्याची वाणी अस्पष्ट आहे, आणि म्हणूनच डॉक्टर मंडळी सावधगिरीनें अठरापर्यंत पालकाचीच सही मागतात. त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पण संशयाचा भुर्दंड नेहमीं त्या मुलानेंच कां सोसावा, हें मात्र विचारावेंसें वाटतें.

पैशाची गोष्ट त्या मानानें सोपी आहे. चौदा वर्षांवरील मुलानें धोक्याचे नसलेले काम करण्यास १९८६ च्या व २०१६ सालीं सुधारलेल्या कायद्याची आडकाठी नाहीं. शिवाय रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं, आणि पुन्हां २०२५ सालीं, दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नांवानें बचतखातें उघडून चालविण्याची मुभा बँकांना दिली आहे. पालकांची सही येथें अडत नाहीं. अडतो तो ओळखीचा व पत्त्याचा दाखला. स्थानकाचा बाक हा पत्ता म्हणून कोण लिहून घेणार?

तिसरा प्रश्न राहण्याचा, आणि तोच सर्वांत अवघड. ज्याला घर नाहीं किंवा जो रस्त्यावर राहतो त्याला २०१५ चा कायदा काळजी व संरक्षणाची गरज असलेलें बालक म्हणतो. अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. समितींत एक अध्यक्ष व चार सभासद असतात, आणि त्यांत निदान एक स्त्री असावीच लागते. मुलाला समितीपुढें कोणीं न्यावें याची कायद्यांत यादी आहे : पोलिस, सरकारी नोकर, समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका, कोणीहि सद्‌भावनेचा नागरिक. आणि त्याच यादींत, बहुतेकांच्या नजरेंतून सुटणारा एक मानकरी आहे : तें बालक स्वतः. पालकांना न विचारतां सोळा वर्षांचा मुलगा एकटा समितीच्या दारीं जाऊन "मला घरीं जावयाचें नाहीं, माझें ऐका" असें म्हणूं शकतो. १०९८ या क्रमांकावर त्याला स्वतःच फोनहि करतां येतो. उलट, पालकांपासून दुरावलेलें मूल आढळल्यावर चोवीस तासांत खबर न देणें हा मोठ्या माणसांच्या बाबतींत गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. तेव्हां केसपेपर काढणारा कारकून आणि हॉटेलमालक यांनींहि हें ध्यानांत घ्यावें.

समितीपुढें त्याचें ऐकलें जाईल काय? ऐकलें पाहिजे, असें कायदा म्हणतो. वय व समज पाहून मुलाच्या मताला वजन द्यावें, हें त्याच्या मूलतत्त्वांत लिहिलेलें आहे. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यांतहि, मूल आपली पसंती समजून सांगण्याइतकें मोठें असेल तर न्यायालयानें ती विचारांत घ्यावी, अशी सोय होतीच. परंतु ऐकणें निराळें आणि निर्णय त्याच्या हातीं देणें निराळें. समितीनें त्याला बालगृहांत ठेवण्याचें ठरविलें, तर मोकळ्या स्थानकावर निजणाऱ्या मुलाला तें कोंडल्यासारखें वाटतें आणि तो पळतो. संस्थेंत ठेवणें हा अखेरचाच उपाय असावा, असें तोच कायदा सांगतो. तरीहि दुसरा उपाय शोधण्यास लागणारा वेळ आणि माणसें यांची सर्वत्र वाण असते.

मुलांवर विश्वास टाकावयाचा झाल्यास तो कोठवर टाकावा, याचें एक उदाहरण मात्र आपल्या कायद्यांत आहे, आणि सांगलीला तें जवळचें वाटावें. एचआयव्हीच्या साथीचा या जिल्ह्यानें पुष्कळ त्रास सोसला. १९९२ पासून संग्राम ही संस्था येथें त्यासंबंधीं काम करीत आहे. अशा घरांत आई-बाप दोघेहि गेले कीं मागें उरतें तें मोठें भावंड आणि धाकटीं. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, बारा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील जें भावंड पुरेसें समजूतदार असेल, त्याला धाकट्यांचा पालक म्हणून शाळाप्रवेश, औषधोपचार, बँकेचें खातें, मिळकत यांविषयीं काम पाहतां येतें. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाच्या अर्जावर पालक म्हणून सही करूं शकते! इतर कारणांनीं पोरक्या झालेल्या मुलांना ही सोय नाहीं. तापानें किंवा अपघातानें आई-बाप गेले, तर त्याच वयाची, तितकीच समजूतदार मुलगी सही करण्यास अपात्र कां ठरावी, याचें पटणारें उत्तर मिळत नाहीं.

अठरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे सहीचा प्रश्न एका रात्रींत सुटतो, आणि आधारहि बहुधा त्याच रात्रीं सुटतो. बालगृहांतून बाहेर पडणाऱ्यांस पुढें आर्थिक साहाय्य देतां यावें अशी २०१५ च्या कायद्यांत तरतूद आहे, आणि महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षण व नोकरींत एक टक्का समांतर आरक्षण ठेवलें आहे. मात्र जो मुलगा कधीं समितीपुढें गेलाच नाहीं, स्थानकावरच मोठा झाला, त्याच्यापाशीं यांपैकीं कशासाठींहि दाखवावयास कागद नसतो.

तोंपर्यंत सही कोणाची, याचें उत्तर कायद्यांत आहे. समिती मुलाला एखाद्या संस्थेच्या किंवा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करते, आणि ज्याच्या हवालीं मूल केलें त्याच्यावर त्या मुदतीपुरती आई-बापाचीच जबाबदारी येते. दवाखान्याच्या किंवा शाळेच्या खिडकींत समितीचा हुकूम दाखविला असतां ती सही पालकाच्या ओळीवर चालते.