मुलाखत हुकली तर

कर्जत तालुक्यातल्या कडावच्या मुलांना मुंबईत मुलाखतीला जायचं, तर आधी कर्जत स्टेशन गाठायचं आणि मग लोकलनं सुमारे शंभर किलोमीटर. पावसाळ्यात या मार्गाचा भरवसा नसतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. अशा दिवशी मुलाखत हुकली, तर त्यात उमेदवाराचा काय दोष?

पण गप्प बसणं मात्र चुकीचं. उशीर होणार हे कळताच, गाडीतूनच फोन करा. फोन लागला नाही, तर त्याच दिवशी ईमेल पाठवा: नाव, पद, ठरलेली वेळ, खरं कारण आणि दुसऱ्या वेळेची विनंती. चार-पाच ओळी पुरेत. खोटं आजारपण सांगू नका. ते टिकत नाही. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर एकदाच आठवण करा.

सरकारी भरतीत मात्र जाहिरातीतले नियम चालतात, तिथं विनंतीला वाव कमी. नकार आलाच, तर राज्य सरकारच्या ‘महास्वयं’ रोजगार पोर्टलवर नोंदणी करून रोजगार मेळाव्यांवर लक्ष ठेवा. आणि घरच्यांनो, त्या संध्याकाळी मुलांना बोल लावू नका.