पेरभर सैनिकाचे नवे रूप



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर चढतील. मोठी, कर्ती माणसे संध्याकाळी दिव्याखाली बसतात, अंगठ्याच्या पेराएवढा एक राक्षस हातात घेतात, त्याची मान कापतात, तिथे दुसऱ्याचे डोके बसवतात, कमरेला तारेची साखळी अडकवतात आणि मग बारीक कुंचल्याने त्याला रंगवतात. हा पोरखेळ नव्हे काय, असे कोणी विचारील. आहेच पोरखेळ! पण ज्या पोरखेळात हात, डोळा आणि डोके ही तिन्ही एकदम कामाला लागतात, त्याच्याकडे निदान शिक्षकांनी तरी पाठ फिरवू नये. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

प्रथम मूळ खेळ काय ते पाहू. टेबलावर दोन सैन्ये मांडायची. पट नाही, घरे नाहीत. टेप लावून अंतर मोजायचे आणि सैनिक पुढे सरकवायचे. मार लागला की नाही हे फाशांनी ठरवायचे. एच. जी. वेल्स हे इंग्रज कादंबरीकार आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे छोटे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या चिमुकल्या तोफेने समोरचे सैनिक खरोखरच पाडायचे असत. पुढे या लढायांत इतिहासातल्या पलटणींच्या जोडीला कथांमधले राक्षस, बुटके आणि आग ओकणारे पंखवाले ड्रॅगन आले. आपण बोलणार आहोत ते या अद्भुत सैन्याबद्दल.

गंमत अशी की, हे सैन्य आले तेव्हा त्याच्या बाहुल्या बाजारात जवळजवळ नव्हत्याच. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ साली 'चेनमेल' हे नियमांचे पुस्तक काढले आणि त्याला अद्भुत लढायांची पुरवणी जोडली. नियमात ड्रॅगन आला, पण टेबलावर ठेवायला ड्रॅगन कुठून आणायचा? त्यांनी मुलांच्या खेळण्यातला प्लॅस्टिकचा स्टेगोसॉरस घेतला, म्हणजे पाठीवर तकटांची रांग असलेला तो प्राचीन प्राणी, आणि त्याचाच ड्रॅगन बनवला. स्वस्त खेळण्यांच्या पिशवीत काही चमत्कारिक, कशाचेच नसलेले प्राणी निघत. त्यांतल्या एकाला पाहून लोखंडाला गंज चढवून ते खाणारा एक प्राणी कल्पनेत जन्मला. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात तो पुढे कायमचा जाऊन बसला. बघा, आधी वस्तू नव्हती म्हणून हात चालला, आणि हात चालला म्हणून नवी कल्पना सुचली.

इंग्लंडातही तेच. लंडनला १९७५ साली गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली. आज तिचे मुख्य ठिकाण नॉटिंगहॅम येथे आहे. तिचा 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३चा आणि दूरच्या भविष्यकाळातला 'वॉरहॅमर ४०,०००' हा १९८७चा. या दुसऱ्या खेळात हवेत तरंगणारे रणगाडे होते, पण त्यांचे साचे तयार नव्हते. तेव्हा खेळाडूंना काय दाखवले असेल? घामाचा वास घालवणाऱ्या डिओडरंटची रिकामी डबी घ्या, तिला इकडचे तिकडचे तुकडे चिकटवा, रंग द्या, झाला रणगाडा! त्याच १९८७ साली 'गोल्डन डीमन' नावाची रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यातल्या सर्वश्रेष्ठ कारागिराला खरीखुरी तलवार बक्षीस मिळते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आजच्या बहुतेक बाहुल्या कडक प्लॅस्टिकच्या असतात. हात, पाय, डोके, शस्त्र असे सुटे भाग एका चौकटीला लटकलेले येतात. ते कटर-पकडीने सोडवायचे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे अंगावर एक बारीक रेघ उमटलेली असते. चाकूची पाठ हलकेच ओढून ती खरवडून काढायची. नवशिका ही रेघ तशीच ठेवतो आणि रंग दिल्यावर नेमकी तीच डोळ्यांत भरते.

मग बदल. सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल डोक्याचा. तोच देह, तीच वस्त्रे, पण डोके वेगळे लावले, किंवा तेच थोडे वळवले, की माणूस वेगळा झाला. पुढचा टप्पा हातांचा. इथे एक गोष्ट ध्यानात धरा. भाल्याच्या जागी कुऱ्हाड दिली की काम संपत नाही. जड कुऱ्हाड उचलणाऱ्याचा एक खांदा वर जातो, कंबर वळते, भार मागच्या पायावर येतो आणि नजर वार करायच्या जागी असते. शेतात लाकूड फोडणारा गडी तुम्ही रोज पाहता. त्याला एकदा नीट पाहा. एवढे पाहिलेला माणूस ओबडधोबड हत्यारांनीही जिवंत बाहुली करील. न पाहिलेल्याला उत्तम हत्यारांचा उपयोग नाही.

चिकटवण्याचेही शास्त्र आहे. प्लॅस्टिकचा खास चिकटद्रव दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. जणू दोन तुकड्यांचा सांधाच उरत नाही. धातूला तो चालत नाही. तिथे आपल्या फेविक्विकच्या जातीचा चिकटद्रव लागतो. तो झटकन धरतो, पण धक्का लागला की सुटतो. म्हणून जड भागांना आतून खिळ घालतात. हाताच्या बारीक गिरमिटाने दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर रुंदीचे भोक पाडायचे, मध्ये तारेचा तुकडा बसवायचा आणि मग चिकटवायचे. सुतार चौकटीला लाकडी खुंटी मारतो, त्यातलाच हा प्रकार.

सांध्यात फट राहते, आणि नवी केसाळ कातडी किंवा फाटका झगा हवा असतो. त्यासाठी दोन रंगांची लांबी मिळते, एक निळी आणि एक पिवळी. दोन्ही समभाग घेऊन मळल्या की हिरवी होते. म्हणून इंग्लंडातले खेळाडू तिला 'ग्रीन स्टफ', हिरवा माल, म्हणतात. गळक्या नळाला आपण एम-सील मळून लावतो, त्याच कुळातली ही. तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ ती आकार घेते, मग घट्ट होत जाते आणि रात्रभर ठेवली की कडक बनते. हत्यार पाण्याने ओले ठेवायचे, नाहीतर ती हत्यारालाच चिकटते. एकाच दमात सगळे करू नये. आज झग्याचा आकार, उद्या त्यावरच्या घड्या, परवा काठावरची शिवण. घाई केली की आज केलेले उद्याच्या बोटाखाली दबते.

तपशिलासाठी तर घरात खजिनाच पडलेला असतो. पातळ पत्र्याची पट्टी कापली की पट्टा झाला. गिटारची तुटलेली तार म्हणजे यंत्राची वळ्यावळ्यांची नळी. झाडाची खरबरीत साल म्हणजे कडा, चाळलेली रेती म्हणजे रस्ता. टिश्यू कागद पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून खांद्यावर टाकला की वाळल्यावर घोंगडे तयार. बंदुकीच्या बोथट तोंडाला गिरमिटाने भोक पाडले तरी ती खरी वाटू लागते.

रंगाविषयी एकच सांगतो. वस्तू फार लहान असली की तिच्या घड्यांत पुरेशी सावली पडत नाही. म्हणून सावली रंगवावी लागते. खोलगट जागी पातळ गडद रंग सोडायचा, तो आपोआप खाचेत उतरतो. उंचवट्यावर जवळजवळ कोरडा कुंचला फिरवून उजळ रंग द्यायचा. रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले, नाहीतर इतक्या कष्टाने घडवलेले नाकडोळे बुजून जातात.

या हौसेला नीतीही आहे. ज्याच्या हातात तलवार दिसते त्याच्या हातात तलवारच आहे, असे समोरच्या खेळाडूला समजले पाहिजे. रूप हवे तेवढे बदला, पण प्रतिस्पर्ध्याची फसगत होईल असे बदलू नका, असा तो संकेत आहे. कल्पनेला मोकळीक आणि व्यवहाराला सचोटी, दोन्ही एकत्र!

आता एक वादाची हकीकत. अमेरिकेतली चॅप्टरहाउस स्टुडिओज नावाची छोटी कंपनी या बाहुल्यांना लावायची वेगळी डोकी, खांदे, शस्त्रे असे सुटे भाग विकत असे. गेम्स वर्कशॉपने २०१० साली शिकागोच्या न्यायालयात तिच्यावर दावा लावला. २०१३ साली ज्यूरीचा निकाल आला. काही मुद्दे मोठ्या कंपनीच्या बाजूने गेले, काही छोटीच्या. पुढे खेळाच्या नव्या पुस्तकांतून एक जुनी गोष्ट हळूहळू नाहीशी झाली. पूर्वी पुस्तकात एखाद्या योद्ध्याचे नियम असत, पण त्याची बाहुली दुकानात नसे. ती खेळाडूने स्वतः बनवायची. आता ज्याची बाहुली विक्रीला, त्याचेच नियम, असा रोख झाला. खेळाडू या बदलाचा संबंध त्या दाव्याशी जोडतात. धंद्याच्या दृष्टीने कंपनीचे बरोबर असेल. कोणी आपला माल घेऊन स्वतःचे दुकान चालवू नये, असे कोणालाही वाटेल. पण त्या जागा बुजल्या त्याबरोबर हाताला मिळणारे एक आमंत्रणही गेले. ज्याला सगळे तयार मिळते, तो नुसता गिऱ्हाईक होतो. थोडेसे मुद्दाम अपुरे ठेवलेले असते, तेव्हा तो कारागीर होतो.

शिक्षकहो, इथेच आपला संबंध येतो. या परदेशी बाहुल्या महाग असतात आणि त्या आणा असे मी मुळीच म्हणत नाही. पण दिवाळीला आपल्याकडची मुले अंगणात किल्ला करतात. दगड, विटा, माती, वर पेरलेले अळीव, आणि बाजारातून आणलेले मावळे. हल्ली हे मावळे एकाच साच्यातले असतात. एकच मिशी, एकच उगारलेली तलवार. पण नुसत्या उगारलेल्या तलवारींवर गड चालतो काय? गडावर पाणी भरणारी बाई लागते, लोहार लागतो, थंडीत शेकोटीशी बसलेला पहारेकरी लागतो. ते बाजारात सहसा मिळत नाहीत. ही आपली रिकामी जागा!

ती मुलांच्या पुढे ठेवा. प्रत्येकाला एक साधा मावळा द्या आणि सांगा, याची तलवार काढ आणि याला कामाला लाव. खराट्याची काडी म्हणजे भाला, शर्टाची गुंडी म्हणजे ढाल, शाडूच्या मातीचा नवा हात, टिश्यू कागदाचे घोंगडे. मग मूल आपण होऊन विचारील, गुरुजी, लोहाराचा भाता कसा असतो? घागर डोक्यावर असली की मान कशी राहते? ज्या प्रश्नांची उत्तरे आपण पुस्तकातून घोकून घेतो, ते प्रश्न त्याच्या स्वतःच्या तोंडून येतील. आणि भाता पाहायला ते मूल लोहाराच्या दारी जाईल, हा लाभ वेगळाच.

थोडी काळजीही घ्यावी. धारदार पाते मोठ्यांच्या हाती असावे, कापताना ते बोटांपासून दूर ओढावे. फेविक्विक डोळ्यांजवळ नेऊ नये. त्याने कातडीही चिकटते. मळलेली लांबी अंगाला खाजू शकते, काम झाल्यावर हात धुवावेत. रेझिनच्या बाहुल्या घासायच्या असल्या तर पॉलिशपेपर ओला करून घासाव्यात, म्हणजे धूळ नाकात जात नाही. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसे असते. ते लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत.

पहिला काप देताना मन कचरते. विकत घेतलेली चांगली वस्तू, ती मोडायची कशी? मुलाचा हातही असाच थबकेल. तेव्हा ओरडू नका आणि त्याच्या हातातून पातेही काढून घेऊ नका. फक्त शेजारी बसा. एखादा मावळा बिघडला तर थोडेसे नुकसान होईल. पण दुकानात मिळते तीच वस्तूची शेवटची रीत, ही समजूत मुलाच्या मनात एकदा घट्ट बसली, तर ते नुकसान भरून काढायला फार वर्षे लागतात.

येत्या दिवाळीत तुमच्या गावच्या एखाद्या किल्ल्यावर तलवारीऐवजी घागर घेतलेली एक पेरभर बाई दिसली, तर जरा थांबा आणि ती कोणी केली ते विचारा. त्या मुलाला नावाने हाक मारून शाबासकी द्या.