सिपनेच्या काठी एक मुक्काम
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



निंदण-डवरणी आटोपून पोळा झाला की चार दिवस उसंत मिळते. त्या दिवसांत चिखलदऱ्याला जाऊन या. भीमकुंडाचा धबधबा तेव्हा भरात असतो. कठड्याच्या आतूनच पाहावा. ओल्या शेवाळावरून पाय निसटायला वेळ लागत नाही.

जाताना सोबत काचेची रिकामी बाटली न्या. जोराच्या पावसानंतर दाट जंगलातून येणाऱ्या ओढ्याचे पाणी तीत भरा. घरी आल्यावर तशाच पावसानंतर आपल्या धुऱ्याखालच्या नाल्याचे पाणी दुसऱ्या बाटलीत घ्या. दोन्ही रात्रभर ठेवून सकाळी तळाचा गाळ पाहा. मी पाहिला तेव्हा घरच्या वावराच्या बाटलीत बोटभर जाड थर बसला होता. त्या दिवशी चहा गोड लागला नाही. शेणखत ज्या थरात घातले, तोच थर वाहून चालला होता.

जंगलात पावसाचा थेंब पानावर फुटतो, खाली पालापाचोळ्यावर पडतो आणि जमिनीत मुरतो. पुढे तोच हळूहळू ओढ्याला पाझरतो. मेळघाटच्या उत्तर उतारावरची सिपना तापीला मिळते. दक्षिणेकडील वान, शहानूर व चंद्रभागा पूर्णेला. खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या कितीतरी गावांची तहान वान आणि शहानूर धरणांवर भागते. म्हणजे १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेले हे जंगल आपल्या घरच्या माठापर्यंत पोचलेले आहे.

मुक्काम करायचा तर दिवाळीनंतर, आगाऊ नोंदणी करून. परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोहचे पर्यटक संकुल लागते आणि पुढे कोलकासचे विश्रामगृह, अगदी सिपनेच्या वळणावर. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. डोहात उतरू नका, आणि विडीचे थोटूक तर मुळीच टाकू नका. वाळलेल्या सागाच्या पानाला एक ठिणगी पुरते.

परत आल्यावर पुढच्या खरिपात निदान एका वावरात उताराला आडवी पेरणी करा, धुऱ्यावर खस लावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच नाल्याचे पाणी पुन्हा बाटलीत भरा आणि यंदाच्या गाळाशी ताडून पाहा.