मलिद्याचें ताट

माणूस गांव सोडून परदेशीं जातो तेव्हां बरोबर काय नेतो? कपडालत्ता नेतो, चार भांडीं नेतो, देवघरांतील एखादी वस्तु नेतो. पण ज्या एका वस्तूला गांठोडें लागत नाहीं व जिच्यावर जकात पडत नाहीं, ती म्हणजे सणाच्या स्वयंपाकाची रीत. आज मी अशाच एका रीतीची हकीकत सांगणार आहें.

कोंकणचे बेने इस्राएल लोक आपणांस परके नाहींत. त्यांची परंपरा सांगते कीं, पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें. घरची भाषा मराठी, आणि नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशीं सणांचीं नांवेंही मराठीच.

हिब्रू भाषेचें ज्ञान जवळजवळ लोपलें. परंतु शनिवारची विश्रांति, मुलांची सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंध मात्र सुटले नाहींत. मांसाबरोबर दूध खावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम. तो पाळण्याची सोय कोंकणच्या नारळानें करून दिली. मटणाच्या रश्श्यांत नारळाचें दूध, आणि नव्या वर्षाच्या चिकाच्या हलव्यांतही तेंच. प्रार्थनेस द्राक्षासव नसे, तर काळ्या मनुका भिजवून त्यांचें सरबत होई.

या सर्वांत मानाचा पदार्थ मलिदा. भिजविलेले पोहे, खोवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडे व सुका मेवा एकत्र कालवावयाचा, त्याभोंवतीं केळीं, खजूर, सफरचंदें अशीं फळें मांडावयाचीं, आणि एलियाहू संदेष्ट्याचें स्मरण करून तें ताट सर्वांनीं वांटून घ्यावयाचें. लग्न असो, नवस फिटलेला असो, नव्या घरांत प्रवेश असो. हें ताट हवेंच. अलिबागजवळच्या खंडाळे गांवीं एका खडकावर या संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मी लहान असतां तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं असें एक कुटुंब शेजारीं होतें. १९७० च्या सुमारास तें इस्राएलला निघालें. आदल्या दिवशीं त्यांच्याकडे मलिदा झाला व वाटी आमच्याकडे आली. माझ्या आईनें त्या घरच्या वृद्ध बाईंना विचारलें, "मावशी, तिकडे ओला नारळ मिळेल का हो?" त्या म्हणाल्या, "नाहीं मिळाला तर सुकें खोबरें भिजवूं. ताट कांहीं मोडायचें नाहीं."

या शब्दांचा अर्थ मला फार पुढें कळला. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें व हजारों बेने इस्राएल तिकडे गेले. लोद, रामले, बेरशेबा, दिमोना येथें वस्ती करून राहिले. पण ज्या भूमीला ते पूर्वजांची म्हणून गेले, तेथेंच त्यांच्या कुळाविषयीं शंका निघाली. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें फर्माविलें कीं, इतर यहुद्यांशीं त्यांचा विवाह ठरल्यास आधीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. या अपमानाविरुद्ध त्यांनीं लढा दिला, जेरुसलेममध्यें निदर्शनें केलीं. तेव्हां १९६४ सालीं तेथील संसदेंत ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर झालें.

श्रोतेहो, शेंकडों वर्षें कोंकणांत राहून पिढ्यांचे दाखले कोण जपून ठेवणार? त्यांचा दाखला स्वयंपाकघरांत होता. कोंकणांत त्यांनीं जें खाण्याचें टाळलें, त्यामुळें ते यहुदी राहिले. आणि इस्राएलमध्यें ते जें खातात, त्यामुळें त्यांचें कोंकणीपण राहिलें आहे. एकाच ताटानें दोन भूमींशीं इमान राखलें!

आज तेथील तरुण पिढी हिब्रू बोलते. तिकडून 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघालें खरें, पण आजीची मराठी नातवंडांच्या तोंडीं क्वचितच ऐकूं येते. तरी लग्नाआधीं मलिद्याचें ताट मांडलें जातें. भाषा रोज वापरल्यावांचून टिकत नाहीं. सणाची चव मात्र वर्षांतून चार वेळां जिभेवर आली, तरी ओळख पटते.

पण एक धोका आहे. तयार पदार्थ आयता पुढें आला, तर चव राहते व अर्थ जातो. आपलींही मुलें आज दूरदूरच्या देशांत घरें करीत आहेत. त्यांना डबे भरून अवश्य द्या. परंतु नातवंडांना नारळ खोवावयास, पोहे भिजवावयास जवळ बसवा, आणि 'हें कां करावयाचें?' असें त्यांनीं विचारलें, तर चिडूं नका. तो प्रश्न ज्या घरांत विचारला जातो व ज्याला उत्तर मिळतें, त्या घरचें ताट कोठेंही मांडलें तरी मोडत नाहीं.