खुराड्यातील कलह

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके म्हणजे डोंगराचा, भाताचा आणि मुसळधार पावसाचा मुलूख. येथील ठाकर, कातकरी, कुणबी यांच्या अंगणात पाचदहा कोंबड्या असावयाच्याच. अडीअडचणीस मोडता येणारी ती गरिबाची पुंजी होय. तीतील एक जरी कोंबडी सोबतिणींनी टोचून मारली, तरी त्या घरास ती हानी लहान नव्हे. शहरातील हौशी गृहस्थांच्या परसातही हाच प्रकार दिसतो. मग या मुक्या जीवांत एवढे वैर येते कोठून?

थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेतील संशोधकाने १९२१ साली याचा उलगडा केला. कोणी कोणास टोचावे, याचा कळपात क्रम ठरलेला असतो. तो एकदा ठरला, की नुसती मान उंचावली तरी दुबळी कोंबडी बाजूस सरते. तेव्हा अधूनमधून बसणारी टोच हा दुष्टपणा नव्हे. ती कळपाची शिस्त आहे. खुडूक कोंबडी किंवा पिलांची आई अंगावर येते, तेही स्वाभाविकच. रक्त निघू लागले, म्हणजे मात्र दोष पाळणाराच्या व्यवस्थेत शोधावा.

हा दोष बहुधा पावसाळ्यात उघडा पडतो. एरवी रानोमाळ हिंडणारी कोंबडी आषाढात दिवसभर कोंडली जाते. हरलेलीस पळावयास वाव उरत नाही. अशा वेळी दाण्यापाण्याची भांडी दोनतीन करून दूरदूर ठेवावीत. जमिनीवर भाताचे कोरडे तूस पसरून त्यात मूठभर दाणे टाकावेत, म्हणजे उकरण्यात चोची गुंततात. पालेभाजीची जुडी टांगावी. आहार निकस असल्यास पिसे उपटण्याची खोड लागते. म्हणून वाळवी, किडे यांसारखे सकस खाद्यही द्यावे.

जखमी कोंबडी तत्काळ वेगळी करावी, कारण लाल रंग दिसताच इतर तेथेच टोचतात. जखम पुरती भरल्यावाचून तिला परत सोडू नये. दांडगी कोंबडीही चारसहा दिवस दूर ठेवावी. परतल्यावर तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागते व तिचा तोरा उतरतो.

नवी कोंबडी एकटी आणू नये. शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे २०२२ साली बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता, हे स्मरून तिला आरंभी तीन आठवडे अगदी निराळी ठेवावी. नंतर आठवडाभर जाळीपलीकडून ओळख होऊ द्यावी आणि मग तिन्हीसांजेस खुराड्यात सोडावी.

भांडखोर कोंबडी कापल्याने भांडण मिटतेच असे नाही. जागा व दाणा अपुरा राहिला, तर उद्या दुसरी तिची जागा घेते. म्हणून सुरी शोधण्यापूर्वी खुराडे एकवार निरखून पाहावे.